गंधाराची चिकटपट्टी

वाद्यं आपसांत बोलायची आणि माणसांना त्याचा पत्ता नसायचा, त्या काळातली ही गोष्ट.

केतकीच्या छोट्या व्हायोलिनवर, गंधारासाठी बोट कुठे ठेवायचं ते कळावं म्हणून, गोडबोलेबाईंनी एक पांढरी चिकटपट्टी लावली होती. केतकी तिच्याकडे बघूनच वाजवायची.

"आता पट्टी काढू या हं," एके दिवशी बाई म्हणाल्या. पट्टी कळवळून म्हणाली, "मी गेल्यावर या पोरीचं कसं व्हायचं? सगळे हसतील हो तिला!"

"तू आहेस तोवर ती ऐकते कुठे?" व्हायोलिन म्हणालं. "नुसती बघत असते."

पट्टी कसली ऐकतेय! तिने लाकडाला घट्ट धरून ठेवलं. बाईंनी नखाने ओढून काढली, तेव्हा ती काळ्या रंगाचा टवका घेऊनच निघाली आणि टेबलाच्या कडेला चिकटली.

रंग उडालेल्या त्या वेड्यावाकड्या जागेवर बोट ठेवून केतकीने गज ओढला. बेसूर! पुन्हा ओढला, पुन्हा बेसूर. पट्टीचा जीव वरखाली होऊ लागला. मग केतकीने डोळे मिटले, बोट केसभर सरकवलं, आणि गंधार लागला.

पुढच्या आठवड्यात नवी मुलगी आली. बाईंनी नवी पट्टी कापली. तेव्हा टेबलावरची जुनी पट्टी हळूच त्या नव्या पट्टीला म्हणाली, "चिकट गं, पण बेतानं. माझ्यामुळे केतकीच्या व्हायोलिनचा रंग गेलाय, आणि तो वाकडा डाग नजरेला फसवतो. तिला अजून डोळे मिटूनच वाजवावं लागतं."