गारगोट्यांचा राजा आणि सगुणा रंगारीण

एका राज्यात वज्रधर नावाचा राजा होता. राजा तसा वाईट नव्हता. नदीला घाट त्यानं बांधले, वाटेच्या दोन्ही अंगांनी सावलीची झाडं त्यानं लावली. पण बोलण्याची त्याची तऱ्हा एकच. सेनापतीशी बोलायचा तसाच आचाऱ्याशी, आचाऱ्याशी बोलायचा तसाच पोटच्या पोरीशी. समोरच्यानं तोंड उघडलं की म्हणायचा, "मुद्द्याचं बोला."

राणी वारली त्या वर्षी राजानं तिच्या महालातली पूर्वेची खिडकी विटांनी बुजवून घेतली. का बुजवली, ते कुणाला सांगितलं नाही. त्याची मुलगी मधुलेखा तेव्हा अकरा वर्षांची होती. ती बोलायची हळू. एक शब्द बोलायची, थांबायची, मग दुसरा शोधायची. एकदा ती बापाजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, मला... एक..."

"मुद्द्याचं बोल," राजा म्हणाला.

मुलगी परत गेली. पुन्हा आली नाही.

मग एके दिवशी दरबारात एक म्हातारा आला. अंगावर घोंगडं, हातात काठी. "म... महाराज, म... मी ए... एक..."

"मुद्द्याचं बोल, नाहीतर चालू लाग."

म्हाताऱ्यानं काठी टेकली आणि तो ताठ उभा राहिला. तो मांत्रिक होता. शाप देताना तो एकदाही अडखळला नाही.

"राजा, आजपासून तुझं प्रत्येक वाक्य गारगोटी होईल. ज्याला बोलशील त्याला ती लागेल. आणि तुझं जे सगळ्यांत जवळचं, ते त्या गारगोट्यांपायी दगड होईल."

"धरा त्याला!" राजा ओरडला. पहिली गारगोटी सेनापतीच्या नाकावर बसली. तोवर म्हातारा नाहीसा झाला होता.

त्या दिवसापासून राजा बोलला की पांढरी गारगोटी पडायची. मंत्री ढाल घेऊन दरबारात येऊ लागले. आचारी कढई डोक्यावर घेऊन, जेवायला काय करू, असं लांबूनच विचारायचा. झाडणारे रोज सकाळी पाट्या भरभरून गारगोट्या बाहेर नेऊन टाकत. हे सगळं चाललं असतं. पण मधुलेखेच्या पायांची बोटं दगड झाली. मग घोटे. मग गुडघे. राजानं तिच्याशी बोलणं सोडलं, तरी दर पौर्णिमेला दगड हातभर वर चढे. तिसऱ्या पौर्णिमेला तो कमरेला पोचला.

राणीच्या बुजवलेल्या खिडकीबाहेर एक साळुंकी बसत असे. ती राजाला म्हणाली, "पुढच्या पौर्णिमेला दगड गळ्यावरून जाईल. मग तुझी मुलगी गेली. काळ्या डोंगराला तीन दारं आहेत, एकाच्या आत एक. आत एका वाटीत उतारा आहे. दारांवर तिघं आहेत. ते तलवारीला भीत नाहीत, हुकमाला तर नाहीच नाही."

"मग कोणाला नेऊ?" राजानं विचारलं. गारगोटी साळुंकीच्या पंखाला घासून गेली.

"नदीकाठच्या सगुणा रंगारणीला ने," ती म्हणाली आणि जरा लांब जाऊन बसली.

सगुणा रंगारणीचे हात कोपरापर्यंत निळे होते. राजा अंगणात शिरताना दिसला तशी तिनं तांब्याचं घंगाळ उपडं करून डोक्यावर घेतलं.

"तूच सगुणा?" टण्.

"मीच. जरा बाजूला उभे राहा, महाराज. कापडं सुकायला घातलीत, त्यांवर गारगोट्या पाडू नका."

"काळ्या डोंगरावर यायचं आहे." टण्.

"हे सांगणं झालं का विचारणं?"

विचारायची राजाला सवय नव्हती. "सांगणं." टण्.

"बरं. निदान खरं बोललात. मुलीसाठी ना? चला."

वाटेला दोन दिवस लागले. राजानं विचारलं, त्या तिघांशी बोलायला रंगारीणच कशाला हवी? घंगाळ वाजलं. सगुणा म्हणाली, "मंजिष्ठेचा लाल रंग एकच, महाराज. पण सुताला तो असाच दिला तर पहिल्या धुण्यात निघून जातो. त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावं लागतं, मग तुरटी, मग रंग. लोकरीचं निराळं. तिला हळूहळू ऊब द्यायची. घाईनं उकळलीत, घुसळलीत, तर आकसून गोळा होते. रेशीम मानी. कोमट पाणी आणि हलका हात. माझा सासरा तिघांना एकाच कढईत घालायचा आणि कापडाला शिव्या द्यायचा."

"पुढे?" टण्.

"पुढे काय! सासूनं कढई काढून घेतली."

पहिल्या दारावर राक्षस बसला होता. त्याचे दात नांगराच्या फाळाएवढे होते. सगुणा म्हणाली, "राजाची मुलगी दगड होते आहे. दार उघडाल का?"

"कोणत्या राजाची? कधीपासून? दगड काळा का पांढरा? दार उघडल्यावर परत लावणार कोण?"

राजानं तोंड उघडलं. सगुणेनं त्याला खुणेनं गप्प बसवलं. "हे सूत आहे," ती हळूच म्हणाली. "कारण कळल्याशिवाय याच्यात काही मुरायचं नाही." ती मांडी घालून बसली आणि एकेका प्रश्नाला उत्तर देऊ लागली. उन्हं डोक्यावर आली. राक्षसानं विचारलं, "माणूस दगड होतो तेव्हा आधी अंगठा होतो का करंगळी?"

"ते मला ठाऊक नाही," सगुणा म्हणाली. "महाराजांना असेल."

राजानं ते पाहिलंच नव्हतं.

राक्षस मात्र खूश झाला. "ठाऊक नाही म्हणालीस! दोनशे वर्षांत एकानं म्हणून असं सांगितलं नाही. जो येतो तो थापा मारून आत शिरतो." त्यानं दार उघडलं.

दुसऱ्या दारावर अस्वल होतं. म्हातारं, केसाळ, पंज्यात तोंड खुपसून पडलेलं. सगुणेनं आपलं काम एकदाच सांगितलं आणि त्याच्या बाजूला जाऊन बसली. अस्वल हललं नाही. घटका गेली, दुसरी गेली. राजाला राहवेना. "ऐकलंस का?" तो म्हणाला. गारगोटी अस्वलाच्या कानावर बसली, तसं ते आणखी आकसलं.

"झालं!" सगुणा म्हणाली. "लोकर उकळलीत. आता पुन्हा पहिल्यापासून."

मग दोघं बसून राहिले. तो दिवस मावळला, दुसरा उजाडला. ऊन अस्वलाच्या पाठीवर आलं तेव्हा त्यानं डोकं वर केलं आणि ते म्हणालं, "मी कालच हो म्हणणार होतो. शब्द तोंडाशी यायला मला वेळ लागतो." दार उघडलं.

तिसऱ्या दारावर यक्ष उभा होता. अंगावरची वस्त्रं अशी झगमगत होती की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. मान ताठ, बोलणं त्याहून ताठ. "मी खजिन्याचा स्वामी. माझ्यापुढे उभं राहायची तुमची पायरी आहे का?"

सगुणा राजाला म्हणाली, "रेशीम." तिनं हात जोडले. "काय हे तेज, यक्षराज! असं रूप आम्ही जन्मात पाहिलं नाही."

तिचे जोडलेले हात मनगटापर्यंत दगड झाले.

"खोटं!" यक्ष गरजला. "सगळे हेच म्हणतात."

सगुणा आपल्या हातांकडे बघत राहिली. निळा रंग दगडाखाली गेला होता. "चुकले," ती म्हणाली. "महाराज, आमच्या धंद्यात ही चूक नवशिकासुद्धा करत नाही. विणकर नवं कापड खळ लावून, घोटून आणतात. जाडंभरडं सूतसुद्धा रेशमासारखं चमकतं. म्हणून आधी ते पाण्यात टाकायचं, खळ उतरू द्यायची आणि मग बघायचं आपल्या हाती काय आलंय. मी वरची चमक बघूनच नाव देऊन मोकळी झाले."

राजानं यक्षाकडे पाहिलं. वस्त्रं झगमगत होती, पण कोपरांजवळ विरली होती. ओठ कोरडे पडून फुटले होते. राजानं कमरेचा पाण्याचा तांब्या सोडला आणि काही न बोलता पुढे केला.

यक्षानं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. मग प्यायला, घटाघटा, हनुवटीवरून छातीवर सांडत. पाणी सांडलं तिथं झगमग विरघळून पेजेसारखी ओघळली. खाली निघालं एक साधं, ठिगळाचं धोतर आणि त्यात एक हडकुळा माणूस.

"शंभर वर्षांत जो आला तो खजिन्याचं विचारत आला," तो म्हणाला. "मला एकट्याला इथं भीती वाटते. थोडा वेळ बसाल?"

राजा बसला. यक्ष लहानपणच्या गोष्टी सांगत होता आणि राजा मान हलवत होता. एकदाही त्यानं मुद्दा विचारला नाही. तिसऱ्या प्रहरी यक्ष डोळे पुसून उठला आणि त्यानं दार लोटलं.

आत सोन्याच्या राशी होत्या. "हात लावू नका," यक्ष म्हणाला. "ही सगळी आधी माणसं होती." मधोमध काशाची वाटी होती, तिच्यात पाणी. सगुणेनं मुलीचं सांगितलं, तसा यक्ष राजाला म्हणाला, "हे मुलीच्या पायांवर घाल. मग तिच्याशी तीन वाक्यं बोल. एक जरी तिला पोचलं तरी शाप सुटेल, तिचा, या बाईचा आणि या सोन्याचाही. तिन्ही गारगोट्या झाल्या तर ती कायमची दगड."

ते परतले तेव्हा पौर्णिमा उजाडली होती. राणीच्या महालात उभ्या मधुलेखेच्या छातीच्या वर दगड चढला होता. राजानं पाणी तिच्या पायांवर घातलं. त्याला राक्षस आठवला. कारणं द्यावीत, असं त्याला वाटलं. "राज्याचा भार माझ्यावर होता म्हणून मी तसा वागलो." गारगोटी पडली. दगड खांद्यांना पोचला.

राजा घाबरला. गोड बोलून बघू, असं त्याच्या मनात आलं. "तुझ्यासारखी गुणाची मुलगी त्रिभुवनात नाही." दुसरी गारगोटी पडली. दगड गळ्याशी आला.

राजानं दाराकडे पाहिलं. तिथं सगुणा दगडाचे हात पोटाशी धरून उभी होती.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "तिच्याकडे बघा."

राजानं बघितलं. किती वर्षांनी बघितलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. मुलीच्या कपाळावर तिच्या आईसारखा भोवरा होता. तिचे डोळे एकसारखे भिंतीकडे जात होते, विटा बसवलेल्या जागेकडे. ओठ हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. राजा खाली फरशीवर, त्या सांडलेल्या पाण्यात बसला. त्याला अस्वल आठवलं. सकाळची दुपार झाली. तो नुसता बसून राहिला. मुलीच्या ओठांची धडपड जरा निवली, तेव्हा त्यानं तिसरं वाक्य उच्चारलं.

"त्या दिवशी तुला काय सांगायचं होतं?"

टण् असा आवाज झाला नाही. खाली काही पडलं नाही.

मधुलेखा लगेच बोलली नाही. राजानंही घाई केली नाही. उन्हाचा कवडसा एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेला. मग ती म्हणाली, "खिडकी..."

राजा थांबला.

"आई तिथून... साळुंकीला दाणे टाकायची. मला... टाकायचे होते."

राजा उठला. त्यानं गवंड्याला हाक मारली नाही. कट्यारीच्या टोकानं चुना उकरून पहिली वीट त्यानं आपल्या हातानं काढली. मग दुसरी. "तुझी आई तिथं नसताना ती खिडकी मला बघवत नव्हती," तो विटांकडे तोंड करूनच म्हणाला.

"मला... ठाऊक नव्हतं, बाबा," मधुलेखा म्हणाली. आणि दोन पावलं चालत येऊन तिनं तिसरी वीट ओढली.

दाराशी सगुणेनं आपले हात वर करून पाहिले. कोपरापर्यंत निळे. "बरं झालं," ती म्हणाली. "नीळ अर्धी भिजत घालून आले होते." आणि ती घरी गेली.

काळ्या डोंगरावरच्या सोन्याच्या राशींतून माणसं उठली आणि आपापल्या गावी निघाली. यक्षही त्यांच्याबरोबर बोलत बोलत उतरला. राजवाड्याबाहेर गारगोट्यांचा ढीग होता, त्याची नदीपर्यंत पक्की वाट बांधली.

राजा एकदम निराळा झाला, असं काही नाही. घाई त्याच्या अंगातच होती. म्हणून त्यानं सगुणेकडून ते घंगाळ मागून घेतलं, तेही विचारून, आणि सिंहासनाशेजारी ठेवलं. जीभ फार सळसळली की तो त्यावर बोटानं टिचकी मारायचा. टण् वाजलं की दरबाराला कळायचं, महाराज थांबलेत.

वर्षानं तोच घोंगडीवाला म्हातारा पुन्हा दरबारात आला. मंत्र्यांनी ढाली शोधल्या. राजा सिंहासनावरून उतरला आणि त्याच्यासमोर पायरीवर बसला. "आजोबा, त्या दिवशी तुम्हांला काय सांगायचं होतं?"

"म... महाराज, त... तुमची ल... लेक..." म्हातारा अडखळत होता. राजानं एकदा घंगाळावर टिचकी मारली आणि वाट बघितली. आचारी दोनदा डोकावून गेला. जेवण निवलं.

"त... तुमची लेक खि... खिडकीच्या विटांना ह... हात लावून र... रडते. एवढंच स... सांगायला आलो होतो."

वरून, महालाच्या उघड्या खिडकीतून, साळुंकीचा आवाज आला आणि मूठभर दाणे अंगणात पडले.

"आ... आता सांगायची ग... गरज नाही," म्हातारा म्हणाला.

"आहे," राजा म्हणाला. "जेवायला चला. जेवता जेवता सगळं सांगा."

ते दोघं जेवायला बसले ते दिवेलागणीला उठले. त्या राज्यात सगळे बोलते झाले, सगळे ऐकते झाले. तुमच्या-आमच्या घरातही तसंच होवो.