फियाटवरचा डाग

कोल्हापुरात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायची आणि तिच्यात कोणती गाडी शोभेल, हे आबासाहेब सरनाईक ठरवायचे. त्यांच्या जिभेला पॉलिशपेपरची धार होती.

शाल्मली जर्मनीत शिकून परतली, तेव्हा वडील उरले नव्हते. उरली होती ती त्यांनी हौसेनं वेल्डिंग शिकून अर्धीमुर्धी जोडलेली फियाट. "तू आलीस की मिरवणुकीत नेऊ," असं ते फोनवर म्हणायचे. तळाचे कच्चे, भोकं पडलेले जोड तिनं कापून काढले आणि नवा पत्रा घालून पक्के केले. डॅशबोर्डवरचा एक ओबडधोबड जोड मात्र तिच्यानं घासवेना.

आबासाहेबांचं बोट नेमकं तिथंच टेकलं. "पोरी, परदेशात जाऊन हेच शिकलीस व्हय? आधी हा डाग काढ, मग मिरवणूक!"

भोवतीचे हसले. शाल्मलीनं जोडावरून हात फिरवला.

"आबासाहेब, वडिलांनी हौसेनं केलेला डाग आहे. माहेरचा डाग कुठली लेक मोडते?"

आबासाहेबांशेजारी उभ्या त्यांच्या पत्नीचा, वहिनीसाहेबांचा, हात नकळत गळ्यातल्या माहेरच्या चपलाहाराकडे गेला. "आता बोला!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

आबासाहेब बाजूला झाले. फियाट मिरवणुकीत निघाली. शाल्मलीशेजारी बसायला पुष्कळ जण आले. तिनं ती जागा कुणालाच दिली नाही.