देवस्थळींचे भागीदार

कोल्हापूरच्या शर्वाणी घोरपडेचा भाऊ अपघातानंतर सगळं एकाच हाताने करायचा. एका हातानेही खेळता येईल असं गेमिंगचं छोटं यंत्र पुण्यातले उद्योजक देवस्थळी लोकवर्गणीतून बनवणार आहेत, हे कळताच तिने आगाऊ पैसे भरले. तिच्यासारखे शेकडो होते. दिवाळी येऊन गेली, दुसरीही गेली, यंत्र काही आलं नाही.

शेवटी देवस्थळींनी सभा बोलावली. लोकांनी जाब विचारला, तेव्हा ते शांतपणे हसले. "तुम्ही गिऱ्हाईक नाही, माझे भागीदार आहात. नवं काही घडवायचं तर भागीदारांनी धोकाही वाटून घ्यायला हवा."

बोलणं अगदीच खोटं नव्हतं, हे शर्वाणीलाही पटत होतं. ती उठून म्हणाली, "मान्य. मग चला, आत्ताच आपला कारखाना बघून येऊ."

"छे, तिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही," देवस्थळी बोलून गेले.

"म्हणजे साहेब, धोका वाटताना आम्ही घरचे आणि कारखाना दाखवताना बाहेरचे?"

हशा पिकला. देवस्थळींची मान खाली गेली. मग त्यांनी खरं ते सांगितलं. कारखाना नव्हताच, भाड्याच्या खोलीत दोन इंजिनिअर होते आणि बटणांचा साचा पुन्हा पुन्हा फसत होता. मागेल त्याला उरलेल्यातून पैसे परत द्यायचं त्यांनी कबूल केलं. बरेच जण रांगेत उभे राहिले.

शर्वाणी बसूनच राहिली.

"तुम्हाला नकोत पैसे?" देवस्थळींनी विचारलं.

"मी कशात पैसे घातलेत, ते आज पहिल्यांदा कळलं," ती म्हणाली. "आता तो फसलेला साचा दाखवा."