अस्वलाने चोरून ऐकलेली गोष्ट

फार पूर्वी, मोठ्या सरोवराकाठच्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीत एक रीत होती. गोष्टी सांगायच्या त्या बर्फ पडल्यावरच. उन्हाळ्यात प्राणी जागे असतात, आणि आपल्यावरच्या गोष्टी ऐकून रुसतात.

हे कळल्यापासून एका अस्वलाला चैन पडेना. आपण हिवाळाभर झोपलो की हे लोक आपल्याबद्दल काय बोलत असतील? त्या हिवाळ्यात ते झोपायला गेलंच नाही. बर्फ पडताच जांभया देत आलं आणि वासेया आजीच्या झोपडीला कान लावून बसलं.

आत आजी पोरांना सांगत होती, "वसंतात एका अस्वलानं माझा मेपल झाडाच्या रसाचा गोड पाक चोरून चाटला. झाडाच्या सालीच्या भांड्यात त्याचं डोकंच अडकलं! काही दिसेना, तेव्हा झाडालाच आई समजून त्यानं मिठी मारली आणि ढसाढसा रडलं."

"साफ खोटं!" बाहेरून अस्वल ओरडलं. "मी मुळीच रडलो नव्हतो!"

पोरं हसून हसून लोळायला लागली. आजीनं दाराचं कातडं बाजूला सारलं.

"ते अस्वल कोणतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं रे बाळा," ती म्हणाली. "आता आत ये, आणि माझं भांडं कुठं टाकलंस ते सांग."