गबरूचा गोळा आणि गावाची पट्टी

एक होता शेणकिडा. त्याचं नाव गबरू. गबरूला लाडू आवडत नाही. जिलबी आवडत नाही. गबरूला आवडतं शेण! ईईई म्हणू नका. त्याला तुमची जिलबी ईईई वाटते.

एकदा गबरूने केला शेणाचा मोठ्ठा गोळा. घरी बाळ भुकेलं होतं. गबरू मागच्या पायांनी गोळा ढकलत निघाला. गडगड गडगड! शेणकिडे चालतात उलटे. पुढचं दिसणार कसं? रस्त्यात होता खड्डा. खड्ड्यात होतं पाणी.

डुबुक!

गोळा गेला खड्ड्यात.

गबरू म्हणाला, "खड्ड्या खड्ड्या, माझा गोळा दे."

खड्डा म्हणाला, "अं हं! माझ्या पोटात पाणी. आधी पाणी हलू दे. मग गोळा देईन."

गबरू खाली वाकला. "पाण्या पाण्या, हल ना!
खड्डा गोळा देईना,
बाळ रडायचं थांबेना!"

पाणी म्हणालं, "अं हं! मी जाऊ कुठे? आधी गटार वाहू दे. मग हलेन."

गबरू गेला गटाराकडे. तुरुतुरु तुरुतुरु! "गटारा गटारा, वाह ना!
पाणी काही हलेना,
खड्डा गोळा देईना,
बाळ रडायचं थांबेना!"

गटार खोकलं. खॉक खॉक! "अं हं! माझ्या घशात पिशव्याच पिशव्या. आधी हौसामावशीला पिशव्या काढू दे. मग वाहीन."

हौसामावशी गावचा रस्ता झाडत होती. सर्र सर्र! गबरू गेला तिच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु! "मावशी मावशी, पिशव्या काढ ना!
गटार काही वाहेना,
पाणी काही हलेना,
खड्डा गोळा देईना,
बाळ रडायचं थांबेना!"

मावशी म्हणाली, "अं हं! माझं फावडं मोडलंय. हा बघ, नुसता दांडा! आधी सरपंचांना नवं फावडं घेऊ दे. मग पिशव्या काढीन."

सरपंच गुंडूआबा बसले होते ग्रामपंचायतीत. खात होते भजी. मचमच मचमच! बाहेर त्यांची जीप धुवायला नळ सोडलेला. नळाचं पाणी चाललं होतं थेट रस्त्यावर. भजी संपली. गुंडूआबांनी पिशवी फेकली खिडकीबाहेर. फर्रर्र! पिशवी गेली गटारात.

गबरू म्हणाला, "सरपंच सरपंच, फावडं घ्या ना!
मावशी पिशव्या काढीना,
गटार काही वाहेना,
पाणी काही हलेना,
खड्डा गोळा देईना,
बाळ रडायचं थांबेना!"

गुंडूआबा म्हणाले, "अं हं! पैसे कुठायत? आधी गावाला पट्टी भरू दे. मग फावडं घेईन."

"पट्टी म्हणजे काय?"

"रस्ता सगळ्यांचा. म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं. ती पट्टी! तू भरलीस का रे? मोठा आलाय गोळेवाला! हॅ हॅ हॅ!"

गबरू लाजला. रस्ता तर तोही वापरत होता. पट्टी मात्र कधीच भरली नव्हती.

गबरू गेला गोठ्यात. केला एक छोटा गोळा. गडगड गडगड! चढला थेट भाऊसाहेबांच्या टेबलावर. भाऊसाहेब पट्टीच्या पावत्या फाडायचे.

धप्प!

"भाऊसाहेब भाऊसाहेब, ही घ्या माझी पट्टी!
सरपंच फावडं घेईनात,
मावशी पिशव्या काढीना,
गटार काही वाहेना,
पाणी काही हलेना,
खड्डा गोळा देईना,
बाळ रडायचं थांबेना!"

भाऊसाहेबांनी नाक धरलं. "शेण? हं... बागेला खत होईल. चालेल!" त्यांनी पावती फाडली. टर्रर्र! शिक्का मारला. ठप्प! मग गेले बाहेरच्या फळ्याकडे. लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "पट्टी भरली: गबरू शेणकिडा. पट्टी नाही भरली: एक नंबर... गुंडूआबा सरपंच!"

सगळं गाव हसलं. खो खो खो! "शेणकिड्याने भरली, आणि सरपंचांनी नाही!"

गुंडूआबांचं तोंड झालं टोमॅटो. "घ्या हो, घ्या पैसे!" मग गाव हसायचं थांबलं. फळ्यावर दोन नंबर, तीन नंबर, सगळ्यांचीच नावं होती ना! सगळे गुपचूप रांगेत उभे राहिले.

मग सरपंचांनी फावडं घेतलं. मावशीने पिशव्या काढल्या. गटार वाहिलं. खळखळ! पाणी हललं. खड्ड्याने गोळा दिला. फक्क!

गटारातली सगळ्यात वरची पिशवी मावशीने गुंडूआबांच्या हातात ठेवली. "ही तुमची. भजीचा वास येतोय." गुंडूआबांनी पिशवी खिशात घातली. आणि पळत जाऊन नळ बंद केला.

पट्टीतून मुरूम आला. खड्डा बुजला. रस्ता झाला गुळगुळीत. आता गोळा ढकलायलाच नको! गरगर गरगर! गोळा पुढे, गबरू मागे.

बाळ जेवलं. बाळ हसलं. बाळाने दिला ढेकर. ढुर्रर्र!

बाळाचं पोट भरलं, गोष्टीचं पोट भरलं. चला, आता हात धुवा. आणि नळ बंद करा!