डोक्यातलं दालन जमा करा!

"हैबती, त्या दालनाची रचना डोक्यातून काढ आणि उद्या दरबारात जमा कर! कणभर जरी मागे ठेवलीस, तर जन्मभर अंधारकोठडीत सडशील!"

राजा प्रतापभानाचा हा हुकूम ऐकून म्हाताऱ्या हैबती गवंड्याने कपाळाला हात लावला. त्याने राजाला भर उन्हाळ्यात गारेगार राहणारं दालन बांधून दिलं होतं. टेकडीवरच्या तलावाचं पाणी भिंतींच्या पोटातून खेळवलेलं! रोज भर दुपारी हैबती स्वतः येऊन एक छुपी कळ फिरवी, की जास्तीचं पाणी निघून जाई. आता शेजारच्या राजालाही तसंच दालन हवं होतं, त्याने हैबतीला पालखी धाडली, आणि दिवाण गुंडोपंतांच्या पोटात दुखू लागलं.

"दगड महाराजांचा, चुना महाराजांचा," दिवाण कडाडले, "मग रचना या गवंड्याच्या डोक्यात राहतेच कशी? ही तर सरळ चोरी!"

देवाने अक्कल वाटली तेव्हा दिवाणजी बहुधा पंगतीत बसले होते. पण राजाला ते पटलं. राजेलोकांना असलंच पटतं!

हैबतीची मुलगी ठकू मात्र गालात हसली. "आबा, उद्या मी येते संगती. तुम्ही फक्त डोकं खाजवत बसा."

दुसऱ्या दिवशी त्याच गार दालनात दरबार भरला. ठकू मुठीत मीठ-मोहरी घेऊन पुढे झाली. "महाराज, रचना आणलीय. पण ती हंड्यात राहत नाही की पेटीत मावत नाही. तिला डोकंच लागतं. कुणाचं देता?"

"माझं!" दिवाण टुणकन उठले. "नाहीतरी या दालनाची कल्पना मुळात माझीच होती!"

दृष्ट काढतात तशी ठकूने ती मूठ हैबतीवरून ओवाळली आणि सगळी मीठ-मोहरी दिवाणांच्या पगडीवर ओतली. "पोचली का, दिवाणजी?"

"पोचली, पोचली! सगळी पोचली!"

"आबांकडे काही उरली?"

"तसूभरही नाही!"

"मग माझा बाप सुटला म्हणायचा?"

"सुटला!" राजा म्हणाला.

ठकू गेली नाही. उंचशा कोनाड्यात पाय वर घेऊन बसली. दुपार झाली. भिंतीतून पाणी झिरपलं, मग वाहू लागलं. सरदारांचे जोडे तरंगायला लागले!

"हैबती, कळ फिरव!" राजा ओरडला.

हैबतीने डोकं खाजवलं. "कसली कळ, महाराज?"

"गुंडोपंत, मग तुम्ही फिरवा!"

दिवाणांनी भिंती चाचपल्या, एक खुंटी ओढली. ती हातातच आली. पाणी गुडघ्याला लागलं, त्याच्या दाबाने दारही उघडेना. "महाराज, मला काय ठाऊक! सगळं त्या म्हाताऱ्याच्याच डोक्यात आहे!"

"अगं बाई! आत्ता तर सगळी पोचली होती!" ठकू म्हणाली. "आणि कल्पनाही तुमचीच ना?"

राजा सिंहासनावर उभा राहून गरजला, "पोरी, तुझ्या बापाचं डोकंच उडवीन!"

"उडवा की! पण आधी पोहायला शिका!"

राजाने पाण्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरं बाई, माझं काय नि त्याचं काय, तूच सांग. पण लवकर सांग!"

"दालन तुमचं, महाराज. त्यात बसा, झोपा, खुशाल घोरा! पण सुचलं ते आबांना. लाडू खाल्ला म्हणून आचाऱ्याचा हात कापून घरी नेतं का कुणी? तसं दालन आणखी कुठं बांधायचं, ते आबाच ठरवतील. आणि हे दरबारासमोर बोला!"

"बोललो! दिलं वचन! दारावर त्याचं नावही कोरा!"

हैबती शांतपणे पुढे झाला. दिवाण मघापासून ज्या दगडाला टेकून उभे होते, तिथून त्यांना बाजूला करून त्याने तोच दगड फिरवला. पाणी गडगडत निघून गेलं.

राजाने चिंब भिजलेल्या दिवाणांना विचारलं, "काय गुंडोपंत, डोक्यात खरंच काही पोचलं का?"

"पोचली ना, महाराज!" ठकू म्हणाली. "मोहरी!"

राजा पोट धरधरून हसला आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्याने ठकूच्या हातात दिला.