जोशीबुवांच्या बरणीतले तूप

श्रीचिमणगिरी महाराज त्या वर्षी मांडवखडक गावी मुक्कामाला होते. ओढ्याकाठच्या पडक्या धर्मशाळेत त्यांचे आसन, आणि जेवण सिदू कुंभाराच्या घरी. ज्वारीची आंबील, तोंडी लावायला लसणाची चटणी. महाराज भुरके मारून आंबील पीत आणि म्हणत, "गिरजे, अजून वाढ."

हे "अजून वाढ" गावचे पुरोहित अंताजी जोशी यांच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले होते. त्यांनी महाराजांना बोलावले नव्हते असे नाही. पुरण शिजले, केळीचे पान मांडले, भोवती रांगोळी घातली. महाराज "येईन कधीतरी" म्हणाले आणि कुंभारवाड्याकडे वळले. दुसऱ्याचे सोने माणसाला एक वेळ सोसते, दुसऱ्याला मिळालेला मान सोसत नाही. अंताजी पूजा सांगायला बसले की तोंडाने मंत्र चाले आणि नजर दारातून कुंभारवाड्याच्या वाटेवर. आज कोण किती वेळ बसले, कोणाला हाक मारली, सगळे त्यांना पाठ.

श्रावणात सिदू तापाने पडला. नऊ दिवस झाले, ताप हटेना, डोळे उघडेनात. त्याच्या बायकोने, गिरजाबाईने, अग्नीला नवस बोलला की पौर्णिमेला होम करीन, माझा धनी उठू दे. पौर्णिमेच्या सकाळी ती जोश्यांच्या पायरीशी उभी राहिली.

"जोशीबाबा, होम सांगाया यावं."

"मी कशाला?" अंताजी सुपारी कातरत म्हणाले. "तुमच्या घरी साक्षात महाराज जेवतात. आमची कसली गरज?"

ती वळली, तशी त्यांनी मागून पुस्ती जोडली, "आणि हे बघ, आहुती एकशे आठ. मधेच तूप संपलं तर होम भंगतो. भंगलेला होम घरधन्यावर उलटतो बरं."

कुंभाराच्या घरी वाटीभरापेक्षा जास्त तूप नसणार, हे बुवांना पक्के ठाऊक होते.

गिरजाबाई धर्मशाळेत आली आणि तिने सगळे सांगितले. महाराज म्हणाले, "भटजी येत नाही तर राहू दे. अग्नीला तोंड आहे, तुलाही आहे. तूच कर."

"मला मंत्र कुठलं यायचं, म्हाराज?"

"दोन पुरेत. घालताना 'स्वाहा', घातल्यावर 'न मम'."

"म्हंजी काय?"

"म्हणजे 'घे', आणि 'हे माझं नाही'."

"मग तसंच म्हनू का? ते दुसरं माज्या जिभंला वळायचं न्हाई."

महाराज हसले. "तसंच म्हण."

तिने घरचा मातीचा परळ धुऊन घेतला, अंगणात मांडला, गोवऱ्या रचल्या. मोजायला एकशे आठ चिंचोके शेजारी ठेवले. वाटीभर तूप. ओसरीवर सिदू ग्लानीत पडलेला. महाराज येऊन खांबाला टेकून बसले. आणि कुंपणापाशी, सहज चाललो होतो अशा थाटात, अंताजी.

"घे. माझं न्हाई." एक चिंचोका पलीकडे.

"घे. माझं न्हाई."

अंताजी गालात हसत तिच्या चुका मोजत होते. आचमन नाही, संकल्प नाही, दर्भ नाही. चाळिसाव्या आहुतीला वाटीचा तळ दिसला. अंताजी पुढे वाकले. एकेचाळिसाव्या वेळी गिरजाबाईने पळी बुडवली आणि ती भरून वर आली. बेचाळिसाव्या वेळीही. साठावी झाली, सत्तरावी झाली. आता वास अंगणभर पसरला आणि अंताजींचे हसू मावळले. त्यांच्या घरी त्यांच्या पत्नी उमाकाकू तूप कढवताना त्यात विड्याचे पान टाकीत. गावात दुसऱ्या कोणाच्या तुपाला तो वास नव्हता.

तेवढ्यात उमाकाकूच धापा टाकत आल्या. हातात तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली बरणी.

"अहो, शिंक्यावर होती. कुणी हात लावला नाही. दादरा तसाच आहे, आणि तूप आपलं खाली खाली चाललंय."

अंताजींनी बरणी हिसकली आणि छातीशी धरली. "हे माझं आहे!"

गिरजाबाईची पळी कोरडी वर आली. वाटी लख्ख. तीन चिंचोके उरले होते. ओसरीवर सिदूने एक लांब, घरघरता श्वास घेतला, आणि पुढचा लवकर येईना. ती पळी हातात धरून नुसती बघत राहिली.

महाराज म्हणाले, "अंताजी, तू रोज अग्नीपुढे काय म्हणतोस?"

"न मम."

"हीही तेच म्हणत होती. दोघांचं बोलणं एकच, म्हणून अग्नीनं जिथं तूप होतं तिथून घेतलं. तुझा शब्द त्यानं खरा धरला, एवढंच झालं. आता तूच तो मोडलास. तीन राहिल्या. बघ."

अंताजींनी ओसरीकडे पाहिले. सकाळी आपण या माणसाच्या मरणाची वाट मोकळी करून दिली, हे त्यांना तेव्हा कळले. ते परळापाशी बसले, दादरा सोडला, तळाशी उरलेल्या तुपात पळी घातली. संस्कृत ओठांवर आलेच नाही.

"घे," ते म्हणाले. "माझं नाही."

तिसऱ्या आहुतीला बरणी उपडी करावी लागली. ओसरीवर सिदू कुशीवर वळला. "गिरजे, पानी दे गं," तो म्हणाला. त्याच्या कपाळाला घाम फुटला होता.

पाणी पाजून गिरजाबाईने महाराजांपुढे आंबिलीचे मडके आणले. महाराजांनी हात आडवा धरला. "आज अंताजीकडे जेवणार."

अंताजींची मान वर होईना. "महाराज, आज घरात तुपाचा थेंबसुद्धा नाही."

"म्हणून तर येतो," महाराज म्हणाले.

अंताजींनी डोके महाराजांच्या पायांवर ठेवले. मग ते उठले, गिरजाबाईकडे वळले, आणि तिने "अवं जोशीबाबा, काय करताय" म्हणेपर्यंत कुंभाराच्या अंगणातल्या मातीला कपाळ टेकवून मोकळे झाले.